काटा खोटं बोलतो तेव्हा : बाबांची पद्मिनी आणि दोन बग

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं बोलले तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त माझे 'म्हणजे' आणि 'अॅक्च्युअली' थोडे कमी केलेत.

आजचा विषय कोडिंग नाही. पण ऐकून झाल्यावर तुम्हीच म्हणाल, की हे डीबगिंगच आहे. फक्त यात लॅपटॉपऐवजी जॅक, पाना आणि आईची शिवणकामाची टेप आहे.

आमच्या घरी साताऱ्याला एक प्रीमियर पद्मिनी आहे. १९८४ ची, आजोबांनी घेतलेली. आपल्यापैकी बऱ्याच जणांना पद्मिनी म्हटलं की मुंबईची काळी-पिवळी टॅक्सीच आठवते. त्या टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या, तेव्हा सगळ्यांनी स्टेटसला फोटो लावले होते. ही गाडी मुळात फियाट ११०० डिलाइट. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची आणि नंतर तिला पद्मिनी हे नाव मिळालं. १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. आमची पांढरी आहे. बाबा तिला दर रविवारी बाहेर काढतात.

काढायचे, असं म्हणायला हवं. कारण मधले तीन महिने त्यांनी तिला हातच लावला नव्हता.

झालं असं, की पावसाळ्यात बाबांच्या मोबाइलवर ई-चलन आलं. हायवेवरच्या एका पट्ट्यात मर्यादा ६० होती आणि बाबांचा वेग ६८ नोंदवला होता. आता माझे बाबा म्हणजे असे, की मागून रिक्षा हॉर्न देते तरी हे आपले पन्नासवर. ते म्हणाले, "अगं, काटा साठच्या आत होता. मी बघितलाय." मी फोनवर हसले. म्हटलं, "बाबा, कॅमेरा खोटं बोलतो का? तुमचं लक्ष नसेल."

हे वाक्य मी बोलायला नको होतं. बाबा सहासष्ट वर्षांचे आहेत. त्यांनी मुकाट्याने दंड भरला आणि गाडीची किल्ली कपाटात ठेवून दिली. आईने नंतर सांगितलं, "ते म्हणतात, आता अंदाज चुकायला लागला, वय झालं. गाडीला गिऱ्हाईक बघा म्हणतायत."

मला फार वाईट वाटलं. आणि तेव्हाच डोक्यात आलं, की आपण ऑफिसमध्ये काय करतो? युजर म्हणतो स्क्रीनवर अमुक दिसत होतं, आणि सर्व्हरचा लॉग दुसरंच सांगतो. तेव्हा आपण युजरला 'वय झालं' म्हणतो का? आपण आधी स्क्रीन तपासतो. इथे स्क्रीन म्हणजे काटा. तो कोणीच तपासला नव्हता.

तर पुढच्या शनिवारी मी साताऱ्याला गेले.

आधी हे यंत्र चालतं कसं ते बघू. जुन्या गाडीच्या स्पीडोमीटरला बॅटरीतून मिळते ती फक्त दिव्याची वीज. बाकी सगळं यांत्रिक आहे. गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूला एक छोटं दातेरी चाक असतं, त्यातून एक केबल निघते. बाहेर नळी आणि आत फिरणारी तार. ती डॅशबोर्डच्या मागे मीटरपर्यंत येते. तिथून दोन वेगळी कामं होतात, आणि आजच्या गोष्टीत हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

पहिलं काम ओडोमीटरचं, म्हणजे किलोमीटर मोजणाऱ्या आकड्यांचं. तिथे दातेरी चाकांना दातेरी चाकं जोडलेली असतात. केबल अमुक फेरे फिरली की एक किलोमीटर पुढे. यात अंदाज वगैरे काही नाही, सरळ मोजणी.

दुसरं काम काट्याचं. इथे केबल एक चुंबक फिरवते. चुंबकाभोवती अॅल्युमिनियमची छोटी वाटी असते, आणि ती चुंबकाला कुठेही टेकत नाही. चुंबक फिरला की वाटीच्या धातूत विजेचे भोवरे तयार होतात आणि ती चुंबकामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. जिथे दोघांची ओढ सारखी होते तिथे वाटी थांबते, आणि काटा त्या वाटीच्या दांड्यावर बसवलेला असतो. ओटो शुल्झे नावाच्या जर्मन माणसाने याचं पेटंट १९०२ मध्ये घेतलं. नंतरची कितीतरी दशकं जगभरातल्या गाड्या याच युक्तीवर चालल्या.

म्हणजे बघा, एकाच केबलवरून दोन आउटपुट. एक मोजणीचं, एक स्प्रिंगचं. जर दोन्ही एकाच प्रमाणात चुकत असतील, तर चूक केबलच्या आधी आहे : चाक, टायर, गिअर. ओडोमीटर बरोबर आणि काटा चुकीचा असेल, तर चूक मीटरच्या आत. आणि काटा थरथरत असेल, तर संशय केबलवर.

आमचा काटा थरथरत होता. तीसच्या खाली असताना नुसता नाचायचा. म्हणून सुरुवात केबलपासून केली. मी बी.टेक. कॉम्प्युटरची, माझा आणि ग्रीसचा संबंध म्हणजे पिझ्झाच्या खोक्यापुरता. पण केबल काढणं अवघड नाही. मीटरच्या मागची चकती हाताने सैल होते, आतली तार वरून ओढली की बाहेर येते. आमची तार कोरडी ठणठणीत होती. रॉकेलने पुसली, कुठे वाकली-तुटली नाही ना ते फरशीवर लोळवून बघितलं आणि ग्रॅफाइटचं ग्रीस अगदी पातळ लावलं. एक गोष्ट लक्षात ठेवा : वरच्या, म्हणजे मीटरकडच्या टोकाला साधारण वीतभर भाग कोरडाच ठेवायचा. नाहीतर ग्रीस हळूहळू वर चढतं, मीटरमध्ये शिरतं आणि वाटी चिकटायला लागते.

थरथर थांबली. पण चूक तशीच होती, फक्त आता ती स्थिर होती. स्थिर चूक मिळाली की अर्धं काम झालं, हे तुम्हाला माहितीये.

मग रविवारी पहाटे आम्ही तिघं निघालो. बाबांना आग्रह करून आणावं लागलं. मी गाडी चालवणार, आई शेजारी फोनवर जीपीएसचा वेग बघणार, बाबा मागे वही घेऊन. चालवणाऱ्याने फोन बघायचा नाही, हे मी मुद्दाम सांगते. आणि काटा मात्र चालवणाऱ्यानेच वाचायचा. आधी आम्ही आईला शेजारून वाचायला लावला होता, तर तिरकं बघितल्यामुळे आकडे तीन-चारने वेगळे येत होते.

फोनवर विश्वास ठेवावा का? सरळ सपाट रस्ता, वर मोकळं आभाळ आणि वेग दहा-पंधरा सेकंद स्थिर, एवढं सांभाळलं तर हो. वेग वाढवत किंवा कमी करत असताना फोन थोडा मागे राहतो, तेव्हाचे आकडे घ्यायचे नाहीत. झाडीत, बोगद्यात, उंच इमारतींमध्ये तर नाहीच.

आई ओरडायची, "पन्नास झाले गं!" मी काटा सांगायची. बाबा लिहायचे. प्रत्येक वेग तीन-तीनदा घेतला. वहीत जे आलं ते असं :

फोन ३०, काटा १९.
फोन ४०, काटा २९.
फोन ५०, काटा ४०.
फोन ६०, काटा ५१.
फोन ७०, काटा ६२.

शेवटची ओळ लिहिल्यावर मागून आवाज नाही. आरशात बघितलं तर बाबा वहीकडे बघत बसले होते. मग हळूच म्हणाले, "म्हणजे अडुसष्टला काटा साठच्या आतच असणार."

मी म्हटलं, "हो बाबा. तुम्ही काटा बरोबर वाचला होता."

खरंतर इथेच भाग संपवता आला असता. पण चुकीचा काटा घेऊन बाबांना परत रस्त्यावर कसं पाठवणार? आणि लक्षात घ्या, ही चूक वाईट बाजूची आहे. नव्या गाड्यांसाठी युनोचा नियम क्रमांक ३९ आहे. तो म्हणतो, की स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त दाखवलं तर चालेल, खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी ४ किलोमीटरपर्यंत. म्हणजे चुकायचंच असेल तर सुरक्षित बाजूला चुका. आमचा काटा बरोबर उलट्या बाजूला चुकत होता.

आता आकडे परत बघा. फरक किती? ११, ११, १०, ९, ८. सगळे म्हणतील, साधारण दहाने कमी दाखवतो. माझंही आधी तेच मत झालं. पण वेग वाढतो तसा फरक कमी का होतोय? स्प्रिंग किंवा चुंबक बिघडला असेल तर फरक वेगाबरोबर वाढायला हवा ना?

मी कागदावर आलेख काढला. खरा वेग ३० वरून ७० वर गेला, म्हणजे ४० ने वाढला. त्यात काटा १९ वरून ६२ वर गेला, म्हणजे ४३ ने वाढला. काटा जास्त वेगाने चढतोय, साधारण आठ टक्के जास्त! पण सुरुवातच खालून करतोय. खऱ्या वेगाला १.०८ ने गुणा आणि त्यातून १४ वजा करा, की आमच्या काट्याचा आकडा येतो. तपासून बघा : पन्नास गुणिले १.०८ म्हणजे ५४, वजा १४ म्हणजे ४०. जुळतं.

एक बग आठ टक्के वाढवतोय, दुसरा सरसकट १४ ने घटवतोय. दोघं एकमेकांना झाकतायत. ऑफिसमध्ये असे दोन बग भेटले की रात्र जाते, इथे आमची रविवारची पोह्यांची वेळ गेली.

आधी आठ टक्के. ओडोमीटर काय म्हणतो ते बघितलं. हायवेच्या किलोमीटरच्या दगडांवरून मोजून ५० किलोमीटर गेलो, ओडोमीटर ५४ पुढे गेला. तोही आठ टक्के जास्त. दोन्ही एकाच प्रमाणात, म्हणजे चूक केबलच्या आधी. संशय टायरवर.

बाबा म्हणाले, "टायर तर चांगले आहेत. पाच-सहा वर्षांपूर्वी घातले. जुन्या मापाचे मिळेनात, दुकानदार म्हणाला रिम चौदाचीच आहे, हे बसतात." टायरवर लिहिलं होतं १५५/६५ आर १४. याचा अर्थ असा : रुंदी १५५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्याच्या ६५ टक्के आणि रिम १४ इंच. टायर बसतो रिमच्या मापाने, पण गाडी पुढे जाते टायरच्या बाहेरच्या घेराने. आणि पद्मिनीचं मूळ माप आहे ५.२०-१४. रुंदी ५.२० इंच, आणि त्या काळच्या टायरची भिंत जवळजवळ रुंदीइतकीच उंच असायची.

तुलनेला जुना टायर कुठून आणायचा? डिकीतून! स्टेपनी कोणी बदललीच नव्हती. आईची टेप घेतली. स्टेपनीचा घेर १९० सेंटिमीटर. एक चाक जॅकवर घेऊन काढलं, त्याचा घेर १७५. एकशे नव्वद भागिले एकशे पंच्याहत्तर करा, साधारण १.०८६ येतं. झालं. छोटं चाक तेवढंच अंतर कापायला जास्त फेरे घेतं. केबल फेरे मोजते, त्यामुळे मीटरला वाटतं आपण जास्त वेगात आहोत, जास्त लांब गेलोय.

आता गंमत बघा. समजा मी लगेच टायर बदलले असते तर? आठ टक्क्यांची वाढ गेली असती आणि साठला काटा ५१ ऐवजी ४६ दाखवायला लागला असता. दुरुस्ती केल्यावर गाडी आणखी बिघडली, असं सगळ्यांनी म्हटलं असतं. म्हणून आधी ते १४ शोधायचे होते.

त्यासाठी गेलो मीटर दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे. छोटी टपरी, भिंतीला रिक्षा-ट्रकचे मीटर लटकलेले. मी त्यांना वही दाखवली. त्यांनी वहीकडे बघितलंच नाही. म्हणाले, "ताई, मीटर ठेवा इथं."

त्यांनी मीटरच्या मागच्या भोकात केबलचा तुकडा बसवला, त्याला ड्रिल मशीन लावलं आणि एका वेगावर स्थिर ठेवलं. म्हणाले, "आता घड्याळ लावा. दहा मिनिटं." मला कळेना. ते म्हणाले, "दहा मिनिटांत आकडे दहा पुढे गेले, म्हणजे वेग किती?"

साठ! ओडोमीटर म्हणजे दातेरी चाकांची मोजणी, तो खोटं बोलत नाही. मीटरचाच एक भाग दुसऱ्या भागाची साक्ष काढतो. ना टायरचा संबंध, ना रस्त्याचा, ना जीपीएसचा. इतकी सुंदर टेस्ट मी आजपर्यंत लिहिलेली नाही. शेजारी बाबा मात्र अस्वस्थ. "अहो, गाडी जागेवर आणि दहा किलोमीटर वाढले की!" त्यांनी ते दहा किलोमीटर वहीत वेगळे लिहून ठेवलेत, अजून आहेत.

दहा मिनिटं झाली. आकडे दहा पुढे. काटा ४६ वर. माझ्या कागदावरचे १४ समोर दिसत होते.

काकांनी काच काढली, भिंग लावून बघितलं आणि विचारलं, "काटा कुणी काढला होता का? रंग नवा दिसतोय."

मी म्हटलं, "नाही हो."

बाबा काहीच बोलेनात. मग घसा साफ केला. "लॉकडाऊनमध्ये. काट्याचा रंग उडाला होता. मी काढून लाल केला आणि परत बसवला."

काका हसले. "आणि बसवताना शून्यावर बसवला असेल."

"मग कुठं बसवायचा? गाडी उभीच होती ना!"

इथे खरी मेख आहे. शून्यापाशी एक बारीक पिन असते, काटा तिला टेकून थांबतो. पण स्प्रिंग पूर्ण सैल झाली की काट्याची जागा शून्य नसते, ती पिनेच्या आणखी खाली असते. म्हणजे काटा पिनेवर थोडा दाबलेला राहतो. तो कुठवर दाबायचा ते कारखान्यात ठरलेलं असतं. बाबांनी काटा जरा जास्त दाब राहील असा बसवला. त्यामुळे गाडी निघाली तरी ताशी १३ किलोमीटरपर्यंत काटा पिनेवरून हलायचाच नाही. उभ्या गाडीत मात्र तो अगदी बरोबर शून्यावर. म्हणून कोणाला शंकाच आली नाही.

काकांनी ड्रिल परत साठवर आणलं, काटा उपटला, साठच्या आकड्यावर हलका टेकवला. मग वेग कमी-जास्त करून ३० ला आणि ९० ला तपासला. दोन्हीकडे बरोबर. म्हणजे चुंबक आणि स्प्रिंग चाळीस वर्षांनीही ठणठणीत. मग काटा नीट दाबून बसवला. पाऊण तासाचं काम.

त्यानंतर टायर. ते जुने झालेच होते, बदलायचेच होते. मूळ माप दुकानात नव्हतं, म्हणून मी हिशोब करून गेले. १६५/८० आर १४ चा घेर येतो १९५ सेंटिमीटरच्या जवळ, मूळ मापापेक्षा मोठा. म्हणजे काटा पुन्हा थोडा कमी दाखवणार. नको. १६५/७० आर १४ चा घेर १८४. म्हणजे काटा साधारण तीन टक्के जास्त दाखवणार. साठला बासष्ट. सुरक्षित बाजूची चूक. हेच माप घेतलं. रिमच्या रुंदीला आणि गाडीच्या वजनाला ते चालतं ना, आणि कुठे घासत नाही ना, हे दुकानदाराकडून तपासून घेतलं. तुम्हीही घ्या, नुसता घेर बघून टायर घेऊ नका.

पुढच्या रविवारी परत तीच ट्रिप. या वेळी स्टिअरिंगवर बाबा, वही माझ्याकडे, आई फोन घेऊन. आई म्हणाली, "साठ." बाबा म्हणाले, "बासष्ट." एवढंच. मग बराच वेळ कोणी बोललं नाही. बाबा नेहमीसारखे पन्नासवर आले आणि मागून एका रिक्षाने हॉर्न दिला.

चलन आम्ही परत मागायला गेलो नाही. वेग ६८ होता हे खरंच होतं, आणि आपल्या गाडीचा मीटर नीट ठेवणं ही आपलीच जबाबदारी. बाबांना त्याचं काही वाटत नाही. ते म्हणतात, "चूक माझीच निघाली की शेवटी, काटा मीच बसवलेला." पण हे सांगताना ते हसतात. हाताने केलेली चूक दुरुस्त करता येते. 'वय झालं' याच्यावर पाना चालत नाही. किल्ली आता कपाटात नाही, दारामागच्या खिळ्यावर आहे.

तुमच्यासाठी थोडक्यात. बाइक असो, स्कूटर असो, जुनी कार असो. थरथर असेल तर आधी केबल. मग सोबतच्या माणसाच्या हातात फोन देऊन चार-पाच वेगांवर आकडे लिहा, एकाच वेगावर नाही. एका आकड्यावरून चूक दिसते, कारण दिसत नाही. मग ओडोमीटर दगडांशी ताडून बघा. तोही चुकत असेल तर टायरचं माप वाचा. तो बरोबर असेल तर मीटर जाणत्या माणसाकडे न्या. आणि काटा रंगवायची हौस असेल, तर काढण्याआधी पिनेवरून उचलून तो मोकळा कुठे थांबतो तिथे खूण करा.

आणि एक माझ्यासाठी. घरातलं कोणी म्हणालं, "मी बघितलं होतं, काटा साठच्या आत होता", तर हसण्याआधी एकदा काटा तपासा.

तुमच्या घरी अशी एखादी जुनी गाडी असेल, तर तिची गोष्ट मला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत सावकाश चालवा. खरंच सावकाश, काट्यावरचं नाही!